शेतकऱ्याच्या डोक्यावरचा रफार

वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावरची साइट कोसळली की हल्ली निदान एक वाक्य तरी दिसतं. गंभीर चूक झाली आहे, साइटच्या चालकाने आपला मेल पाहावा, अशा अर्थाचं. ही सोय मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीपासूनची. त्याआधी नुसता पांढरा पडदा यायचा. चूक कुठे, कोणाची, काही पत्ता नाही. आता कोणतं प्लगिन, म्हणजे साइटला वरून जोडलेली कोणती सोय, कोसळलं हे वर्डप्रेस स्वतःच ओळखतं, मेलमध्ये त्याचं नाव कळवतं आणि एक दुवा देतं. त्या दुव्यावरून आत गेलं की ते प्लगिन तेवढ्यापुरतं थांबवलेलं असतं आणि आपल्याला दुरुस्तीला वाट मिळते.

म्हणून कोसळणाऱ्या प्लगिनचं मला आता फारसं भय वाटत नाही. ते बोंब मारतं. भय वाटतं ते कुरकुर न करता चालत राहणाऱ्या, आणि चालता चालता आपल्या मजकुरात हात घालणाऱ्या प्लगिनचं. मला सांगायचं आहे ते या दुसऱ्या जातीबद्दल. पण पहिलीशीही बराच संसार झाला आहे, तेव्हा आधी तिचं उरकते.

मी राहते दारव्हा तालुक्यातल्या एका गावात. घराच्या पुढच्या खोलीत सेवा केंद्र चालवते: सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म. गर्दी ओसरली की माझा ब्लॉग. कापूस, तूर, लग्नातले पंगतीचे रिवाज, यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आणि आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे, जे सुचेल ते. शिवाय आजूबाजूच्या दोनचार साइट सांभाळायला माझ्याकडेच येतात, कारण त्या ज्यांनी बनवल्या ती मुलं पुण्याला नोकरीला गेली.

अशीच एका शेतकरी गटाची तूरडाळ विकायची साइट. डाळीचा भाव, पाकिटाचे फोटो, ऑर्डरचा फॉर्म, बस. एका सकाळी ती बंद पडली आणि गटाच्या अध्यक्षांचा फोन, ‘ताई, काल तुम्ही कशाले हात लावला होता?’ पैसे भरायच्या प्लगिनचं अपडेट मी टाकलं होतं, हे खरं. मग काय, सगळ्यांचा आळ त्याच्यावर. ज्याचा हात शेवटी लागला तोच चोर, हा न्याय गावात फार जुना आहे. तो मदतीचा मेलही कुठे दिसेना. दिसणार कसा? तो जातो सेटिंगमध्ये चालक म्हणून ज्याचा पत्ता लिहिलेला असेल त्याला, आणि तिथे अजून त्या पुण्याच्या पोराचाच पत्ता होता. त्याने तो कधीच उघडणं सोडलेलं. तेव्हापासून कोणाचीही साइट हाती आली की मी आधी तो रकाना बघते, बाकी सगळं नंतर.

मेल नसेल तर लॉग असतो, म्हणजे चुकांची नोंदवही. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबग चालू करायचं, चुका लॉगमध्ये लिहायला सांगायच्या आणि पडद्यावर दाखवायच्या मात्र बंद ठेवायच्या, नाहीतर गिऱ्हाइकाला डाळीच्या भावाऐवजी सर्व्हरच्या फोल्डरांची नावं वाचायला मिळतात. मग साइट एकदा उघडून ती लॉग फाइल शेवटून वाचायची. त्यात लिहिलेलं असतं: कोणत्या प्लगिनचं फोल्डर, कोणती फाइल, कितवी ओळ. इथे नाव निघालं ते फोटो सरकवणाऱ्या एका जुन्या स्लायडरचं. सर्व्हरवाल्यांनी रात्रीतून पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती, ७.४ वरून ८ वर नेली होती, आणि त्या स्लायडरमध्ये ‘ईच’ नावाचं फंक्शन वापरलेलं होतं. पीएचपीने ७.२ पासूनच ‘हे वापरू नका’ असं बजावून ठेवलं होतं, आणि नोव्हेंबर २०२० मधल्या ८.० मध्ये ते काढूनच टाकलं. म्हणजे अपडेट झालेलं प्लगिन निर्दोष. दोषी ते, ज्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता. अध्यक्षांना हे पटवायला मला साइट दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

लॉगमध्ये असं सरळ नाव मिळणं हे नशीब. न मिळालं तर आमच्या वायरमनभाऊंची रीत. घरात कुठेतरी शॉर्ट होत असेल तर ते घरच्यांचं एक ऐकत नाहीत. सगळे फ्यूज काढतात, मग एकेक लावत जातात, आणि ज्याला लावल्यावर लाईन जाते तिथे बोट ठेवतात. प्लगिनांचंही तेच. आत शिरताच येत नसेल तर होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तिथल्या, फाइल मॅनेजरमध्ये जायचं, प्लगिन्सचं फोल्डर शोधायचं आणि त्याचं नाव बदलायचं. मी हे बऱ्याचदा फोनवर करते: गच्चीवर रेंज मिळेल अशा कोपऱ्यात उभं राहून, बोटाने ते बारीक फोल्डर दाबून धरायचं, नावाच्या शेवटी दोन अक्षरं जोडायची आणि चुकून ‘डिलीट’वर बोट पडू नये म्हणून श्वास धरून ठेवायचा. नाव बदललं की वर्डप्रेसला प्लगिनांच्या फाइली सापडत नाहीत आणि दार उघडतं. आत जाऊन प्लगिनांचं पान एकदा उघडलं की ते सगळ्यांना निष्क्रिय ठरवतं. त्यानंतर नाव परत पहिल्यासारखं केलं तरी प्लगिनं आपोआप चालू होत नाहीत. तीच तर सोय आहे.

एकेक लावत बसायचं नसेल तर निम्मी लावायची. दोष दिसला तर तो या निम्म्यात, नाही दिसला तर उरलेल्यात. १६ प्लगिनं असतील तर ४ फेऱ्यांत चोर सापडतो. पण हे गणित चोर एकटा असला तरच. दोन प्लगिनं एकेकटी भली आणि सोबत आली की भांडतात, असं असेल तर निम्मं-निम्मं करताना ती वेगळ्या गटांत जातात, दोन्ही गट साळसूद दिसतात आणि आपण डोकं धरून बसतो. तेव्हा एकाला चालू ठेवून बाकीच्यांना आळीपाळीने त्याच्या शेजारी बसवावं लागतं. आणि हे सगळं चालू साइटवर करायची गरज नाही. ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ नावाचं वर्डप्रेसच्याच मंडळींचं एक फुकट प्लगिन आहे. ते आपल्यापुरती प्लगिनं बंद करून दाखवतं, गिऱ्हाइकाला साइट जशीच्या तशी दिसत राहते. डाळीच्या हंगामात हे फार मोलाचं.

अपडेट चालू असताना लाईन गेली, पाठोपाठ टॉवरही गेला, तर साइटवर ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ अशी पाटी अडकून राहू शकते. याला लोक फार घाबरतात. अपडेट सुरू करताना वर्डप्रेस एक छोटी फाइल लिहून ठेवतं आणि काम संपलं की पुसतं. काम मध्येच तुटलं तर ती फाइल तशीच राहते, एवढीच गोष्ट. १० मिनिटं झाली की वर्डप्रेस त्या फाइलकडे स्वतःच दुर्लक्ष करतं. चहा ठेवावा. अर्धवट राहिलेलं प्लगिन मात्र नंतर पुन्हा टाकावं लागतं.

आता दुसरी जात.

हिची पहिली ओळख मला व्हॉट्सॲपवर झाली. लेखाचा दुवा पाठवला की खाली एक चौकट येते, त्यात लेखाची पहिली एकदोन वाक्यं. माझ्या बऱ्याच चौकटींत शेवटचं अक्षर फुटलेलं, त्याजागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. चौकट बनवणारं प्लगिन मजकूर १६० वर कापत होतं, पण अक्षरं मोजून नव्हे, बाइट मोजून. बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचं माप. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे लिहिणाऱ्याचं काही बिघडलं नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा ३ बाइटची. शब्दांमधल्या मोकळ्या जागा सोडल्या तर ५३ चिन्हं झाली की १५९ बाइट भरतात आणि पुढच्या चिन्हाचा फक्त एक तृतीयांश तुकडा आत येतो. त्याचंच ते प्रश्नचिन्ह. लेखाच्या पत्त्याचंही तसंच. तो डेटाबेसमध्ये टक्क्यांच्या खुणा लावून साठवला जातो, एका मराठी चिन्हाला ९ जागा लागतात आणि एकूण जागा २००. म्हणजे मराठी शीर्षकातली जेमतेम २२ चिन्हं पत्त्यात मावतात, बाकी कापली जातात. कोणी ओरडत नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. मी चौकटीचं प्लगिन बदललं, पत्ते रोमन लिपीत हाताने लिहू लागले आणि विषय संपला.

रफाराचा विषय एवढ्यात संपणारा नव्हता. तो काढला मामाजींनी. माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांची लाल शाई निवृत्त झाली नाही. ब्लॉगचा प्रत्येक लेख ते फोनवर अक्षर मोठं करून वाचतात आणि चुका एका वहीत उतरवतात. एका संध्याकाळी फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘सूनबाई, शेतकऱ्याच्या डोक्यावर हा रफार कोनं ठेवून देल्ला?’

पाहिलं तर ‘शेतकऱ्यांना’ हवं तिथे ‘शेतकर्यांना’. ‘करणाऱ्या’चं ‘करणार्या’, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. आणि कहर म्हणजे ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. वऱ्हाडातल्या बाईच्या ब्लॉगवर!

आधी मला फॉन्टचा संशय आला. फॉन्ट बदलला, रफार जागेवर. थीम बदलून पाहिली, तरी जागेवर. मग कॅशे पुसला, कारण कॅशेचं प्लगिन जुनी पानं जपून ठेवतं आणि दुरुस्ती झाली तरी ती दिसू देत नाही. असल्या शोधात ते आधी बंद करून ठेवावं, नाहीतर आपण भुताचा पाठलाग करत बसतो. तरीही काही नाही. सगळ्यात गोंधळ असा की एकाच लेखात एक ‘शेतकऱ्यांना’ बरोबर आणि चार ओळी खाली दुसरा चूक. संगणकाचं असं धरसोडीचं वागणं मला पटत नाही. तो चुकला तर सारखाच चुकायला हवा.

गाठ सुटली ती मामाजींच्या वहीतून. त्यांनी पानंच्या पानं भरली होती, आणि चुकीच्या ओळी वाचताना माझ्या ध्यानात आलं की शेतात बसून फोनवर लिहिलेले तुकडे सगळे बरोबर आहेत आणि केंद्रातल्या संगणकावर लिहिलेले सगळे चूक. फोनचा कळफलक त्या आडव्या अर्ध्या र साठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतो. त्याला हलन्त जोडला की झालं. माझ्या संगणकावरची जुनी टायपिंगची सोय मात्र साधाच ‘र’ घेते, हलन्त देते आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह टाकते, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पानावर दोन्ही हुबेहूब सारखे. आत मोजलं तर ‘शेतकऱ्या’ फोनवर ८ चिन्हांचा, माझ्या संगणकावर ९ चिन्हांचा. ते जास्तीचं, न दिसणारं चिन्ह कोणीतरी खाल्लं की उरतो र, हलन्त आणि य. मग नियमाप्रमाणे रफार वर चढतो.

खाणारा कोण? मजकूर ‘स्वच्छ’ करणारं एक प्लगिन. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत येणारा केरकचरा काढतं म्हणून मीच ते बसवलं होतं, आणि ते काम ते चोख करत होतं. न दिसणारं ते सगळं निरुपयोगी, एवढीच त्याची समजूत. बनवणाऱ्याला दोष देववत नाही. फुकट दिलेलं काम आहे, आणि त्याच्या भाषेत न दिसणाऱ्या चिन्हाला खरंच काही काम नसावं.

मी ते बंद केलं. नवे लेख ठाकठीक होऊ लागले, जुने तसेच राहिले. इथे प्लगिनच्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण नुकसान किती होणार हे तिच्यावर ठरतं. वर्डप्रेसमध्ये प्लगिनला मजकुरात हात घालायच्या दोन जागा आहेत: लेख वाचकाला दाखवताना आणि लेख जतन करताना. दाखवताना बदल करणारं प्लगिन काहीही उपद्व्याप करो, डेटाबेसमधला मूळ लेख शाबूत असतो. ते बंद केलं की सगळं जिथल्या तिथे. जतन करताना बदल करणारं प्लगिन मूळच बदलतं. मग ते बंद करा, उडवा, साइटवरून समूळ काढा, गेलेलं चिन्ह गेलं. माझं हे दुसऱ्या प्रकारचं होतं. नवं प्लगिन बसवण्याआधी मी आता त्याचे तारे मोजत नाही, एवढंच शोधते की ते लिहिताना हात घालतं की दाखवताना.

थोडे लेख सुटले. वर्डप्रेस प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्या ठेवून देतं. जे लेख प्लगिन येण्याआधीचे होते आणि नंतर कधीतरी उघडून जतन झाले, त्यांची जुनी आवृत्ती धड होती. शकुंतलेचा लेख असा परत मिळाला, त्यातल्या ‘शेवटच्या फेऱ्या’ पुन्हा धड झाल्या. जे प्लगिनच्या राज्यातच जन्मले, त्यांची मूळ प्रतच नव्हती.

भाचा म्हणाला, ‘मामी, त्यात काय, शोधा आणि बदला. र्य दिसला की ऱ्य.’ तसं केलं असतं तर सूर्याचा सूऱ्य झाला असता आणि तहसील कार्यालयाचं काऱ्यालय. ‘पर्याय’, ‘मर्यादा’, ‘धैर्य’ यांच्या डोक्यावरचा रफार हक्काचा आहे. र्ह चंही तेच: वऱ्हाडचा काढायचा, पण योजनांच्या माहितीत जागोजाग येणाऱ्या ‘अर्हता’चा ठेवायचा. म्हणून आधी डेटाबेसची प्रत काढून बाजूला ठेवली. मग जिथे शंकाच नाही असे तुकडे निवडले: ‘णार्य’, ‘शेतकर्य’, ‘दुसर्य’, ‘तिसर्य’, ‘वर्हाड’. त्यांचीही नुसती चाचणी घेऊन, किती ठिकाणी काय बदलेल ते वाचून, मगच खरा बदल केला. मोठा भाग एवढ्यात निघाला.

उरलेलं हाताने. मामाजी वाचणार, मी दुरुस्त करणार. आमची पवनारची सहल निघाली होती, धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम पाहायला. त्या लेखात एका परिच्छेदात आचार्यांचं नाव आणि पुढच्याच परिच्छेदात, येताना एका लग्नात जेवलो तिथल्या आचाऱ्यांचं कौतुक. प्लगिनने दोघांनाही एकाच पंगतीला बसवलं होतं. आचार्यांनी वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्तच सोडलं होतं, असं वाक्य कित्येक महिने जगापुढे होतं. मामाजी हसून हसून खोकायला लागले, मग वहीत डोकं घालून म्हणाले, ‘तू सरळ कास्तकार काऊन नाही लिहीत? शेतकऱ्याची भानगडच मिटते.’ कास्तकार हा आमचा रोजचाच शब्द, आणि मी खरंच बऱ्याच जागी तो ठेवला. आचाऱ्याला मात्र दुसरा शब्द सापडेना.

प्लगिन बनवणाऱ्याला कळवलंच. अशा पत्रात ‘चालत नाही’ एवढंच लिहून उपयोग नसतो. वर्डप्रेसची आवृत्ती, पीएचपीची आवृत्ती, बाकी सगळी प्लगिनं बंद असतानाही दोष येतो ही खात्री, आणि त्याला स्वतःच्या संगणकावर करून पाहता येईल असा एक छोटा नमुना, एवढं हवं. मी मराठीचा नमुना दिला, जोडचिन्हाचा क्रमांक दिला, रफाराचं चित्रही जोडलं. त्याचं सभ्य उत्तर आलं, पण त्यावरून दिसत होतं की दोन चित्रांतला फरक त्याला कळलेलाच नाही. मग मला आठवलं की इमोजीतलं आई-बाप-लेकरांचं कुटुंबही त्याच जोडचिन्हाने एकत्र बांधलेलं असतं. तेच त्याच्या प्लगिनमधून जतन केलं: कुटुंब फुटलं, आई एकीकडे, बाप एकीकडे, पोरगी तिसरीकडे. ते चित्र पाठवलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली. बदलांच्या यादीत लिहिलं होतं, इमोजी तुटण्याचा दोष काढला. वऱ्हाडाचं नाव नाही, पण काम झालं.

मी ते प्लगिन पुन्हा बसवलेलं नाही. वर्डमधून काही चिकटवायचं असेल तर आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवते आणि तिथून उचलते. केरकचरा तिथेच राहतो, न दिसणारं चिन्ह मात्र टिकून राहतं.

मामाजींच्या वहीत सध्या नवं पान उघडलं आहे. ‘ॲप’ आणि ‘ॲडमिशन’ यांच्या जागी त्यांना फोनवर चौकोन दिसतो. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, २००८ साली आला, आणि त्यांच्या जुन्या फोनच्या फॉन्टमध्ये तो नाही. ‘मामाजी, यात प्लगिनचा काही दोष नाही, फोन बदलावा लागेल,’ मी सांगितलं.

‘फोन काऊन बदलवू?’ ते म्हणाले. ‘तू प्रवेश लिही ना.’